लेखाखालचं नाव

निबंध संपला की खाली नाव घालायचं, ही शाळेची सवय मुलांच्या अंगात किती मुरलेली असते, ते मला माझ्या शुक्रवारच्या वर्गात कळलं. आखातात, अल कुसैसमधल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये मी मराठी मुलांना इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहायला शिकवत होते. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, असा तो कोश. आठवीतल्या ओवी दळवीने ‘अल कुसैस’ हाच लेख लिहायला घेतला. शारजाची हद्द, बसेस, शाळा, सगळं नीट मांडलं आणि शेवटी ठसठशीत लिहिलं: ओवी राजन दळवी, इयत्ता आठवी.

थोड्याच वेळात लेख जागेवर आणि नाव गायब!

“काकू, हू डिड धिस?”

“प्रचालकाने. कोशाचा राखणदार म्हण. लेखात लिहिणाऱ्याचं नाव ठेवत नाहीत गं.”

“तो कुठे राहतो? हॅज ही एव्हर सीन अल कुसैस?”

“मला काय ठाऊक! त्यालाच विचार.”

तिने विचारलं नाहीच, नाव मात्र पुन्हा घातलं. त्याने पुन्हा काढलं. तिने तिसऱ्यांदा घातल्यावर माझं डोकं फिरलं. मघापासून काय गाढवापुढे गीता वाचत होते मी?

“आता तो तुझं लिहिणंच बंद करेल. मग बस हात चोळत!”

ओवीचे डोळे भरले. “बाबांचा व्हिसा कॅन्सल झालाय. वी आर गोइंग टू पुणे. फॉर गुड. काकू, आय वॉज बॉर्न हिअर. माझं नाव इथे कुठेतरी राहू दे ना.”

मंदीने मरीना भागातली बांधकामं थांबली होती हे माहीत होतं, पण राजनवर पाळी आल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि लेखावरची ‘इतिहास’ ही कळ दाबली.

“हे बघ. कुणी काय लिहिलं, कुणी काय काढलं, सगळं इथे साठून राहतं.”

दुसऱ्याचं कपाट उघडायला मिळावं तशी ती एकेक जुनी प्रत उघडून बघू लागली. तिने जतन केलेल्या प्रत्येकीत तिचं नाव होतं.

“काढलेलं पण राहतं?”

“हो.”

“हे अंकल इथूनही काढतील?”

“शिवीगाळ असली तरच झाकतात. तुझं कशाला झाकतील?”

“आम्ही गेल्यावर?”

“गेल्यावरही राहील.”

मग लेखाच्या शेवटी तिने टाइप केलं: ‘ओवी दळवी इथे जन्मली, इथेच मोठी झाली.’ जतन केलं.

“अगं, आत्ताच सांगितलं ना!” मी ओरडले.

“वेट, काकू.”

तिने स्वतःच ते वाक्य पुसलं. बदल जतन करण्याआधी कोश कारण विचारतो. त्या चौकटीत तिने सावकाश लिहिलं: ‘व्हिसा कॅन्सल.’