‘पऱ्हाटी’चा संच घ्यावा काय?

अमरावतीत अन् अकोल्यात मिळून रॉक ऐकणारी माणसं जेमतेम चाळीस, आणि ती चाळीसही कुलदीपला विचारल्याशिवाय रेकॉर्ड घेत नसत. नांदगाव पेठेतल्या कापडगिरणीत तो सुपरवायझर. पण या चाळीस जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा शब्द शेवटचा. त्याने एखाद्या अल्बमला ‘भंगार’ म्हटलं की तो मेलाच. म्हणून अकोल्याच्या आरती मॅडमनी सोमवारी त्यालाच विचारलं, “‘पऱ्हाटी’ बँडच्या गाजलेल्या गाण्यांचा संच निघून राहिला. दोन रेकॉर्ड, पंधरा गाणी, अठराशे रुपये. घेऊ काय भाऊ?” एरवी त्याने दोन मिनिटांत निकाल दिला असता. या वेळी तो तीन दिवस गप्प बसला.

कारण साधं होतं, त्याच्या पोटात दुखत होतं. कपाशीचं नाव दिलेली ही ‘पऱ्हाटी’ त्याने आणि अकोल्याच्या स्वप्निलने कॉलेजात असताना काढलेली. पहिलं गाणं त्या दोघांचं. पुढे कुलदीपला नोकरी लागली आणि त्याच्या जागी गिटार वाजवायला माया आली. बँडचं नाव पुण्या-मुंबईकडे गेलं ते नेमकं त्यानंतर, आणि ही गोष्ट बारा वर्षं त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. मायाच्या मुलाखती तो चोरून बघायचा. तिने त्याचं नाव घेतलं नाही तर चिडायचा, घेतलं तर आणखी चिडायचा. पहिल्या गाण्यातला आपला सव्वा मिनिटाचा तुकडा या बाईला सात जन्मांत जमायचा नाही, अशी त्याची खात्री होती. ते गाणं शंभर सीड्यांवर निघालं होतं, त्याची स्वतःची सीडी केव्हाच खराब झाली होती आणि मोबाईलवर ते नव्हतंच. त्यामुळे तो तुकडा तो आठवणीतच ऐकायचा, आणि आठवणीत तो दरवर्षी थोडा सुधारत गेला होता.

गुरुवारी त्याने उत्तर लिहिलं. “घेऊ नका. एक सोडून सगळी गाणी मोबाईलवर फुकट आहेत.” पाठवणार, तोच त्याच्या बायकोने, साधनाने, खांद्यावरून वाचलं.

“आयकला काय तुमी थो संच?”

“आयकाचं काय त्यात!”

“मंग लोकाइले कायच्या जिवावर सांगून राहिले? ज्याचं पोट दुखते त्यानं ओवा खावा.”

असं बायकोने तोंडावर सांगितल्यावर काय करणार? शनिवारी तो अकोल्याला गेला. संचाच्या प्रकाशनाच्या कार्यक्रमात स्वप्निलने त्याला मिठी मारली आणि संच हातात ठेवला. कुलदीपने हट्टाने पैसे मोजले. फुकट घेतलं असतं तर शिव्या देता आल्या नसत्या.

“पयलं गाणं जसंच्या तसं ठेवलं बरं,” स्वप्निल म्हणाला. “कंपनीवाले म्हणत होते, मायाकडून पुन्हा वाजवून घ्या. मायाच म्हणे, ते कुलदीपभाऊचं हाये, त्याले हात लावाचा नाई.”

घाबरली असेल, असं कुलदीपला वाटलं आणि बरं वाटलं.

रविवारी सकाळी त्याने सुई टेकवली. पहिलं गाणं त्यांनी हंगाम संपता संपता कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये रेकॉर्ड केलं होतं. आवाज घुमू नये म्हणून रुईच्या गाठी रचायची अक्कल कुलदीपचीच. स्वप्निल म्हणत होता दोन बाजू पुरेत. याने हमालांना चहा पाजून चारही बाजू बंद करून घेतल्या, वर ताडपत्री आणि तिच्यावरही रुई. त्या रुईने सगळा आवाज गिळून टाकला होता. गिटार गोधडीखालून कण्हत होती. बरं, दोष नुसता रुईचा असता तर त्याने तो खुशाल तिच्यावर ढकलला असता. पण सव्वा मिनिटात तो तीनदा तालातून सुटला होता.

मग दुसऱ्या गाण्यात माया आली. कुठे चुकतेय, कुठे चुकतेय, म्हणत कुलदीप कान टवकारून बसला. गाणं संपलं तेव्हा तो मांडीवर ठेका धरून बसलेला होता.

म्हणजे ती घाबरली नव्हती. तिने ऐकलं होतं, तिला कळलं होतं, आणि तरीही तिने त्याचं राहू दिलं होतं. तिच्या वाजवण्यापेक्षा या मोठेपणाचा त्याला जास्त राग आला. आता संचाला भंगार म्हणायला हरकत काय होती? आरती मॅडमनी मुकाट्याने ऐकलं असतं. त्याने फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला.

शेवटी त्याने ग्रुपवर लिहिलं, “घ्या. अठराशे वसूल आहेत. दुसऱ्या गाण्यापासून ऐका.”

लगेच मॅडमचं उत्तर आलं. “पयलं काहून सोडाचं? त्यात तर तुमी हाये ना?”

“हो. वाईट वाजवलंय मी.”

बारा वर्षं तो मायाच्या जागेवर जळत आला होता. ती जागा त्या सकाळी कोणी परत दिली असती तरी त्याने घेतली नसती. आता त्याला हवं होतं ते तिच्यासारखं वाजवणं, आणि ही जळजळ पहिलीपेक्षा वाईट होती.