डाव्या पायाचा अंगठा

तिसऱ्यांदाही पाय वर आला.

मिशनरी एल्डर हाफोकाने आब्लाआजीला खाडीच्या पाण्यातून उचलून उभं केलं, तिच्या तोंडावरचं पाणी आपल्या सुपाएवढ्या तळव्याने निपटलं आणि दोन्ही साक्षीदारांकडे पाहिलं. तिच्या डोक्याच्या बाजूला ब्रदर अग्बेको उभे होते. ते आठवडाभर शिंपीकाम करायचे आणि रविवारी चर्चच्या इथल्या छोट्याशा शाखेचे अध्यक्ष असायचे. त्यांनी होकार दिला. पायांच्या बाजूला कमरेइतक्या पाण्यात एल्डर मुनेमो उभा होता. त्याने नकारार्थी मान हलवली.

नियम साधा होता. माणूस पाण्याखाली पुरता गेला पाहिजे. केसाची बट, झग्याचं टोक, पायाचं बोट, काहीही वर राहिलं तर बाप्तिस्मा झाला नाही. पुन्हा करायचा. साक्षीदार असतात ते तेवढ्यासाठीच.

पहिल्या खेपेला काठावरची मंडळी हसली होती. "आजी, मासे घाबरले गं तुझ्या पायाला!" असं कांद्याच्या वाफ्यांकडून कुणी बाई ओरडली आणि खुद्द आजीही खोकत खोकत हसली. दुसऱ्या वेळी हसू थोडं कमी झालं. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. बुडणाऱ्या माणसाचा पाय धडपडतो, पाणी उडवतो. आजीचा डावा अंगठा तसा वर येत नव्हता. तो सरळ येऊन स्थिर राहायचा, खालून कुणीतरी घोटा धरून वर उचलल्यासारखा.

"आजी, आज राहू दे," हाफोका हळूच म्हणाला. "पुढच्या शनिवारी करू."

"पुढचा शनिवार कुणी बघितलाय? बुडव मला." तिचे ओठ काळेनिळे पडले होते. दातांवर दात वाजत होते.

मुनेमोला ते बघवेना. तो झिम्बाब्वेतल्या म्युटारेचा, डोंगरातला पोरगा. घानाला येईपर्यंत त्याने एवढं पाणी एकत्र पाहिलं नव्हतं आणि आठ महिने झाले तरी या खाडीची त्याला भीती वाटायची. त्याच्या आजीच्या वयाची बाई त्याच्यासमोर कुडकुडत होती आणि ती बाहेर यायची की नाही हे त्याच्या मानेवर ठरत होतं.

चौथ्या वेळी ती गेली. पांढरा झगा फुगून खाली बसला. डोकं गेलं, छाती गेली, गुडघे गेले. आणि मग अंगठा वर आला. शिंगासारखं जाड, पिवळट नख त्याने स्पष्ट पाहिलं. त्यावर पाण्याचा थेंब नव्हता. पाण्याखाली आजीचे डोळे उघडे होते आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

मुनेमोने हो म्हणून मान हलवली. काठावर गाणं सुरू झालं.

आब्लाआजीला बाप्तिस्म्याचं एवढं वेड का लागलं, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. ती जुळ्यातली. तिची बहीण जिफा नवव्या वर्षी याच खाडीत बुडाली होती. जुळ्यातलं एक गेलं की त्याची लाकडी बाहुली करतात, तशी वीतभर बाहुली आजीने सत्तर वर्षं सांभाळली होती. तिला आंघोळ घालायची, जेवायला बसताना शेजारी ठेवायची, बाजारात जाताना कमरेला खोचून न्यायची. धुऊन धुऊन बाहुलीचे नाकडोळे पार गेले होते. हाफोकाने पहिल्याच महिन्यात तिला सुचवून पाहिलं, की आजी, हे आता पेटीत ठेवून दे.

"तू तुझी बहीण पेटीत ठेवशील का रे?" आजीने विचारलं. हाफोकाला टोंगात पाच बहिणी होत्या. तो पुन्हा त्या विषयाला गेला नाही.

या दोघा तरुण मिशनऱ्यांना एल्डर म्हणायचं म्हणजे वडीलधारे म्हणायचं, याची आजीला भारी गंमत वाटायची. "ओठावर मिसरूड नाही आणि म्हणे वडील! बरं बाबा वडिलांनो, बसा, आक्प्ले खाऊन जा." मक्याचे ते गोळे आणि मासळीचं कालवण पुढे करता करता ती धडा ऐकायची. ऐकता ऐकता एक दिवस थांबली. हाफोका सांगत होता, की जे बाप्तिस्म्यावाचून मेले त्यांच्यासाठी जिवंत माणसाला पाण्यात उतरता येतं. राजधानीत, अक्राला, चर्चचं मंदिर आहे, तिथे तशी सोय आहे.

"म्हणजे जिफाच्या नावाने मी बुडी मारायची?"

"हो."

"आणि मग ती सुटली?"

"मग तिला वाट मोकळी झाली, आजी."

"तर मग आधी मला बुडवा," आजी म्हणाली. "लवकर बुडवा."

बाप्तिस्म्यानंतर ते दोघे मंगळवारी तिच्याकडे गेले. आजी खाटेवर होती. छाती भरली होती, पण जीभ शाबूत होती.

"तू पायाशी होतास ना रे, धाकट्या वडिला?"

"हो, आजी."

"गेले ना मी सगळी?"

"गेलीस."

गुरुवारी तिने पुन्हा तेच विचारलं. रविवारी प्रार्थनेनंतर ते गेले तेव्हा तिने नात सेनामकडून तांब्याभर पाणी मागवलं. पाय खाटेखाली सोडले आणि मुनेमोच्या देखत डाव्या पायावर धार धरली. घोटा भिजला, चार बोटं भिजली. अंगठ्यावरून पाणी अळवाच्या पानावरून निसटावं तसं निसटलं आणि अंगठा होता तसा कोरडा राहिला.

"तेल लावलं असशील, आजी," हाफोका हसून म्हणाला.

आजी मुनेमोकडे बघत होती. "काय रे, गेले होते ना मी सगळी?"

"गेली होतीस, आजी."

तिने तांब्या खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या रात्रीनंतर मुनेमोला नीट झोप लागली नाही. सकाळी बादलीतून अंगावर पाणी घेताना तो आपल्या पायांकडे बघायचं टाळायचा.

बाप्तिस्म्यानंतर अकराव्या दिवशी, बुधवारी पहाटे, आजी गेली. सेनाम स्वतः सांगायला आली. ती गावच्या शाळेत शिकवायची, एरवी या दोघांची टर उडवायची. आज दारातच उभी राहिली.

"आंघोळ घालून झालीय. दुपारी नेणार," ती म्हणाली. "ब्रदर अग्बेकोंना सांगितलंय. ती तुमची झाली होती, तर तुमच्या पद्धतीने होऊ दे, असं घरात ठरलं." मग ती मुनेमोकडे वळली. "पण तुला यायला पाहिजे. आजी सांगून गेलीय, धाकटा आल्याशिवाय माझे पाय झाकायचे नाहीत."

"का?" हाफोकाने विचारलं.

"ते तिने नाही सांगितलं. पाय उघडेच आहेत. चार जणींनी पाणी घातलं, तिचा एक अंगठा भिजतच नाही." एवढं सांगून ती लगबगीने निघून गेली.

मुनेमोचा हिशोब सरळ होता आणि तोच त्याला अकरा दिवस खात होता. शाखेच्या वहीत आजीचा बाप्तिस्मा झाला असं लिहिलं होतं. ज्याचा झालाय त्याच्यासाठी अक्रात कुणीही, कधीही पाण्यात उतरणार नाही. म्हणजे आजी स्वर्गाच्या दाराबाहेरच राहणार आणि जिच्या नावाने ती बुडी मारणार होती ती जिफाही. हे जगात एकट्या त्याला ठाऊक होतं. एकट्याने जाऊन सांगून टाकावं, तर मिशनरीला जोडीदाराशिवाय घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. हाफोकाला सांगणं भाग होतं. आणि हाफोका मिशनची मुदत संपून पंधरा दिवसांनी घरी निघाला होता. आब्लाआजीचा बाप्तिस्मा हा त्याचा शेवटचा. त्याने आईला तसं पत्रातून कळवलंही होतं.

"हाफोका, तिचा पाय वर आला होता. चौथ्या वेळीसुद्धा."

हाफोका बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली नाही. "तू हो म्हणालास."

"हो म्हणालो."

"मी तुझ्याकडे बघितलं आणि तू हो म्हणालास!"

"ती मरायला टेकली होती रे! मला दया आली."

"दया," हाफोका म्हणाला. "दया करायला तुला कुणी सांगितलं होतं? तुला फक्त बघायला सांगितलं होतं!" तो उठला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. खोलीत दोन फेऱ्या मारून त्याने मुनेमोचा टाय खुंटीवरून काढला आणि त्याच्या अंगावर फेकला. "बांध. चल."

आजीच्या अंगणात शाखेची माणसं पांढरे सदरे घालून बाकांवर बसली होती. घरच्यांनी शोकाचे काळे-तांबडे कपडे घातले होते. खोलीत खाटेवर आजी होती, छातीपर्यंत पांढऱ्या चादरीत. खाली दोन पाय उघडे. उशाशी तिचा धाकटा भाऊ, म्हातारे कोजो, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. रिवाजाप्रमाणे सेनामने पाहुण्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर कोजोंनी रिवाजाप्रमाणेच विचारलं, "बोला. काय काम काढलंत?"

मुनेमो उभा राहिला. त्याची एवे भाषा तोडकीमोडकी होती. त्यात सजवून सांगण्याजोगी जागाच नव्हती.

"मी साक्षीदार होतो," तो म्हणाला. "मी खोटं सांगितलं. आजीचा पाय पाण्याबाहेर होता. बाप्तिस्मा झाला नाही."

दारातून आत डोकावणाऱ्या ब्रदर अग्बेकोंनी टोपी काढून हातात घेतली. बाहेर बाकांवर कुजबुज झाली आणि थांबली. सेनाम त्याच्याकडे टक लावून बघत होती. कोजोंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"तिला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय?"

"पाण्यात डोळे मिटायची तिला सवय नव्हती. जिफा गेली त्या दिवसापासून नव्हती. तू बघितलंस आणि मग मान हलवलीस, ते तिने बघितलं. घरी आल्या आल्या मला सांगितलं."

"मग मला दर वेळी तेच का विचारायची?" मुनेमोचा आवाज चिरकला.

"तू नाही म्हणावंस म्हणून. तू नाही म्हणाला असतास तर ती पाचव्यांदा गेली असती. सहाव्यांदाही. झगासुद्धा काढून तयार ठेवला होता बाईने." कोजोंनी काठीने कोपऱ्याकडे खूण केली. खुर्चीवर पांढरा झगा घडी करून ठेवलेला होता. "मी म्हटलं, तूच सांग की त्याला. तर म्हणाली, साक्षीदार तो आहे, मी कशी सांगू? त्याच्या तोंडून येऊ दे."

मुनेमोला रडू आलं. त्याला वाटलं होतं, की आपण तिला त्रासातून सोडवलं. तिला त्रासातून सुटायचंच नव्हतं. तिला जायचं होतं, आणि त्याच्या दयेने तिची वाट अडवली होती. तो सगळ्यांसमोर, बाही डोळ्यांना लावून, लहान पोरासारखा रडला. हाफोका त्याच्या शेजारी उभा होता. तो बाजूला झाला नाही.

"म्हणजे ती तुमची नाही," कोजो म्हणाले.

मुनेमोने अग्बेकोंकडे पाहिलं. अग्बेकोंनी मान खाली घातली.

"नाही," मुनेमो म्हणाला. "अजून नाही."

"वहीतली ओळ मी आजच खोडतो," अग्बेको म्हणाले. "पुढे घरच्यांनी सही दिली, तर दोघी बहिणींची नावं अक्राला पाठवता येतील. शेजारी शेजारी."

"सहीचं मी बघेन," सेनाम म्हणाली. "आज नाही."

"आज ती आमची," कोजो म्हणाले.

त्यावर कुणी वाद घातला नाही. पांढऱ्या सदऱ्यांची माणसं एक एक करत अंगणाबाहेर गेली आणि कुंपणापाशी थांबली. घरच्या बायकांनी त्यांच्या पद्धतीचं गाणं उचललं. एकीने नाकडोळे नसलेली बाहुली आणली, तिला नवा कपडा गुंडाळला आणि आजीच्या कुशीत ठेवली. हाफोका आणि मुनेमोही निघाले, तेव्हा कोजोंनी काठी आडवी धरली.

"तू कुठे? पाय झाकायचे राहिलेत."

"मी?"

"तुझ्यासाठीच ठेवलेत उघडे. सकाळपासून त्यांना कुणी हात लावलेला नाही."

मुनेमो खाटेच्या पायथ्याशी गेला. गुडघ्यांवर बसला. चादरीचं टोक त्याने दोन्ही हातांनी धरलं आणि आधी उजव्या, मग डाव्या पायावर ओढलं. बोटांना गार काहीतरी लागलं, म्हणून त्याने हात मागे घेतला.

डाव्या अंगठ्यावर चादर चिकटली होती. तिथे नाण्याएवढा ओला डाग उमटला आणि हळूहळू मोठा होत गेला. त्या डागाला खाडीचा खारट वास येत होता.

सेनामनेही तो पाहिला. ती पुढे झाली, मुनेमोच्या शेजारी बसली आणि चादरीची कड आजीच्या पायांखाली नीट खोचून दिली.