हिरव्या बांगड्यांचा शेजारी

मित्रांनो, मी मनगटपट्टा आहे. घड्याळाचा नव्हे, नुसताच. जुना, निळा, कडा विसविशीत झालेला. माझ्या कापडात धातूचे बारीक धागे विणलेले आहेत आणि माझ्या गुंडीपासून एक लांब, वेटोळी तार निघते. बेंगळुरूच्या पूर्वेला होसकोट्यात बोटाच्या स्पर्शाने चालणारे पडदे जोडण्याचा एक कारखाना आहे. तिथे मी आठ वर्षं नोकरी केली.

कसली नोकरी, असं विचाराल. थंडीत स्वेटर काढताना तडतड आवाज होतो ना? केसांतून फिरवलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात ना? ती अंगावर साठलेली वीज. तुम्हाला ती बहुतेक वेळा जाणवतही नाही. पण पडद्याच्या काचेवर स्पर्श ओळखणाऱ्या रेघा असतात, केसाहून बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या. कामगाराच्या बोटातून त्यांच्यावर एवढीशी ठिणगी उडाली तरी रेघ जळते. कधी काच तिथेच मुकी होते. कधी ती तपासणीत उत्तम चालते आणि महिन्याभराने दगा देते. म्हणून मी कामगाराच्या मनगटाला घट्ट बिलगायचं आणि त्याच्या अंगावरची वीज माझ्या तारेतून हळूच जमिनीत सोडून द्यायची. आवाज नाही, उजेड नाही. माझं काम नीट झालं, तर काहीच होत नाही!

त्यातली शेवटची चार वर्षं मी शिवलीलाच्या डाव्या मनगटावर होतो. ती सीमेवरच्या भालकीकडची. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कामावर दोन्हींची भेळ. आमच्या टेबलावर रुग्णालयातल्या सलाईनच्या यंत्रांचे छोटे पडदे जोडले जात. रोज सकाळी दाराशी एक तपासणीची पेटी असे. माझी तार तिच्यात खोचायची, बोट टेकवायचं, हिरवा दिवा लागला की आत. दिवा लागला की शिवलीला मला थोपटून म्हणायची, "सरी, चला." सरी म्हणजे कन्नडमध्ये ‘ठीक’. तेवढ्या थोपटण्यावर माझा दिवस जायचा. तिचं मनगट मोकळं असे, कारण कामावर येताना ती बांगड्या घरी ठेवून येई. ते मनगट माझं होतं.

मग जानेवारीत तिची ओटी भरली आणि त्या आल्या. हिरव्या, काचेच्या, हातभर. सातवा महिना लागला होता. सासूबाईंनी बजावलं होतं, बाळ होईपर्यंत उतरवायच्या नाहीत.

देखरेखीला हेमलताबाई होत्या. बसवनगुडीत राहणाऱ्या, शिस्तीच्या कडक. पण त्या दिवशी बांगड्या बघून त्यांचाही चेहरा मऊ झाला. "बरं, कोपराकडे सार आणि वरून कामाच्या कोटाची बाही घट्ट लाव. पट्टा मात्र कातडीलाच टेकला पाहिजे हं," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, दाराशी त्या रांगेत उभी राहत जाऊ नकोस. पाय सुजतात. तुझा पट्टा जुना आहे, आठ वर्षांत एकदाही दगा दिला नाही त्याने. तू थेट आत जाऊन बस."

मित्रांनो, ही माझी स्तुती होती. पण तिच्यामुळेच माझं रोजचं थोपटणं गेलं.

आणि त्या बांगड्या! जेवणाच्या सुट्टीत बायका शिवलीलाचा हात हातात घेऊन त्याच बघत. "एका हातात किती गं?" "गांधी बाजारातल्या का?" माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. त्या किणकिणायच्या, मी मुका. त्या चमकायच्या, मला घामाचा वास. आठ वर्षं मी इमानाने राबलो आणि काल आलेल्या या काचा राणीसारख्या मिरवत होत्या. मी आतून जळत होतो.

त्या जळण्यात मी एक गोष्ट लपवली. गुंडीपाशी माझी तार आतल्या आत तुटली होती. वरचं आवरण शाबूत होतं, म्हणून बाहेरून काही दिसत नव्हतं. माझ्यातून जमिनीकडे काहीच जात नव्हतं आणि ते मला कळत होतं.

जानेवारीची कोरडी हवा, कोटाखाली लोकरी स्वेटर. आठवड्याभरात शिवलीलाच्या टेबलावरचा एक ट्रे नापास झाला, मग दुसरा. पडदे लागत होते, पण कोपऱ्यात बोट ठेवलं तर ओळखत नव्हते. महिनाअखेरीला कायम होणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव जायचं होतं. वरून निरोप आला, तिसरा ट्रे गेला तर नाव काढा. नाव गेलं, तर बाळंतपणानंतर या टेबलावर परत येण्याची खात्री नव्हती.

हेमलताबाई तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "शिवलीला, बांगड्यांशिवाय दुसरं काही बदललेलं नाही गं."

"अक्का, सासूबाई काय म्हणतील? बाळ होईपर्यंत..."

"मला कळत नाही का ते? मीही दोन लेकरांची आई आहे. पण हे पडदे आजाऱ्याच्या उशाशी जातात. नर्सने बोट ठेवलं आणि यंत्राला कळलंच नाही तर?"

शिवलीला उठली. हात धुवायच्या जागी जाऊन तिने साबण लावला. एकेक बांगडी निघाली. शेवटची अडली आणि कट्कन गेली.

"फुटली..." ती पुटपुटली.

"फुटली म्हणू नये. वाढली म्हण," हेमलताबाई म्हणाल्या.

मी बाजूला खुंटीवर लटकत होतो. खरं सांगतो, मित्रांनो, मला बरं वाटलं. शिवलीला रडत होती आणि मला वाटलं, आता हे मनगट पुन्हा माझं.

दुसऱ्या दिवशी तिसरा ट्रेही नापास झाला.

शिवलीला मोकळ्या हातांकडे बघत बसली. "आता तर काढल्या ना मी? मग अजून काय काढू?"

यंत्रं दुरुस्त करणारा मंजुनाथ तेवढ्यात तिथे आला. बेंगळुरूतल्या तीन पिढ्यांच्या मराठी घरातला. तो म्हणाला, "अक्का, स्वल्प थांबा. पट्टा कधी तपासलाय?"

"अरे, तो आठ वर्षांचा भरवशाचा..."

"आठ वर्षांचा आहे म्हणूनच विचारतोय. भरवशाला काय दिवा लागतो का?"

त्याने माझी तार पेटीत खोचली. शिवलीलाने बोट टेकवलं. लाल. त्याने माझी मान गुंडीपाशी जराशी वाकवली. क्षणभर हिरवा, पुन्हा लाल.

"बघा. आत तुटलीय. बिचाऱ्या बांगड्यांना उगाच फाशी!"

कोणी हसलं नाही. हेमलताबाई खाली बसल्या. मग त्यांनी कागद ओढला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं : तपासणीतून सूट मी दिली होती, चूक माझी आहे, शिवलीलाची नाही. शिवाय त्या काळात तिच्या हातून गेलेला प्रत्येक पडदा, पास झालेलासुद्धा, त्यांनी परत मागवला. शिवलीलाचं नाव यादीत राहिलं. सोमवारी त्या गांधी बाजारातून हिरव्या बांगड्या घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी स्वतः तिच्या हातात भरल्या. "सासूबाईंना सांग, अक्कांनी वाढवल्या होत्या, अक्कांनीच भरल्या."

मला कोणी टाकून दिलं नाही. मंजुनाथने मला दाराशी, त्याच पेटीवर खिळ्याला अडकवलंय; तुटलेली तार दिसावी म्हणून आवरण सोलून. शिवलीलाच्या मनगटावर आता नवा पट्टा आहे, काळाभोर. रांगेतल्या बायकांनी तिच्यासाठी पेटीशी एक स्टूल ठेवलंय. ती त्यावर बसून तार खोचते, बोट टेकवते आणि कोपराकडे सारलेल्या बांगड्या बाहीतून हलकेच वाजतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही निमूट राबणारं जुनं काही असेल. कधी कुरकुरलं नाही म्हणून ते धड आहे, असं धरून चालू नका. त्याची स्तुती एक वेळ नाही केलीत तरी चालेल, पण त्याला रोज तपासा. आणि तुमच्या आत काही तुटलं असेल, तर शेजारच्याच्या बांगड्यांकडे बोट दाखवू नका. मी दाखवलं. एका बाईला रडताना बघून मला बरं वाटलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

रोज सकाळी माझ्या खाली हिरवा दिवा लागतो. शिवलीला त्या नव्याला थोपटते आणि म्हणते, "सरी, चला." हेवा अजूनही वाटतो. पण दिवा लागेपर्यंत माझाही जीव टांगलेला असतो.