भोकापासून काठापर्यंत

मी ब्रेकची डिस्क बोलतेय. दोन माणसं जेमतेम मावतील अशा एका लाल स्पोर्ट्स कारच्या पुढच्या डाव्या चाकाची. हात नसल्यामुळे नमस्कार करता येत नाही, तेवढं समजून घ्या. मोठ्या ताटाएवढा माझा घेर, दीड बोट जाडी आणि अंगभर पाडलेली बारीक भोकं. ही भोकं शोभेची आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर ती तापलेल्या अंगाला वारा लागावा म्हणून असतात. पण शोभतात, हे मीही नाकारत नाही.

माझं काम समजायला सोपं आहे. गाडी पळते तेव्हा मी चाकाबरोबर गरगर फिरते. चालवणाऱ्यानं पेडल दाबलं की दोन बाजूंनी दोन पॅड येतात आणि मला चिमटीत धरतात. मी थांबले की चाक थांबतं, चाक थांबलं की गाडी. गाडीचा सगळा वेग मग माझ्या अंगात उष्णता होऊन शिरतो. पळण्याचं कौतुक इंजिनाच्या वाट्याला येतं. थांबण्याचं कौतुक सहसा कुणी करत नाही.

लोखंड वितळवून साच्यात ओततात अशा एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या बाईनं मला दिव्याखाली धरून उलटंसुलटं पाहिलं, काठावरून अंगठा फिरवला आणि पुढे सरकवलं. माझ्यासारख्या शेकडो होत्या. तरी तिनं माझ्याकडे नीट पाहिलं होतं, हे मला आवडलं.

पहिल्या मालकानं गाडी घेतली ती लोकांनी बघावी म्हणून. इमारतीच्या तळघरात ती कापडाखाली झाकलेली असायची. सुट्टीच्या दिवशी साहेब कापड काढायचे, गाडी पुसायचे, फाटकापर्यंत नेऊन परत आणायचे. दोन वर्षांत मला धड घाम फुटला नाही. अंगावर गंज चढला. काम नसलं की लोखंडालाही मरगळ येते, हे तेव्हा कळलं.

मग गाडी डॉक्टरांकडे आली. हे डोळ्यांचे डॉक्टर, वय बावन्न, डोक्यावरचे केस पांढरे आणि हौस मात्र विशीतली. गाडी दारात आली तेव्हा त्यांच्या पत्नीनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "गुडघे दुखतात म्हणून तू जिना चढत नाहीस. या गाडीत वाकून बसणार कसा?" डॉक्टर वाकून बसले. उतरताना मात्र तिला हात द्यावा लागला.

डॉक्टर गाडी चालवायचे मनापासून. ब्रेक दाबायचे तो मोजून, हलक्या पायानं. शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाचा हात असतो तसा त्यांचा पायही होता. माझा गंज आठवड्याभरात झडला.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. त्यांना अकरा वर्षांनी धाकटा एक भाऊ होता, आणि तो गाड्यांचा मिस्त्री होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचं गॅरेज. तरी डॉक्टर आपली गाडी नेहमी चकचकीत शोरूममध्येच न्यायचे. गाडीत बोललेलं मला चाकापर्यंत ऐकू येतं. एकदा पत्नी त्यांना म्हणाली होती, "चारचौघांत भावजींची ओळख करून देताना तू नुसतं 'हा माझा धाकटा' म्हणतोस. काय करतो ते कधी सांगत नाहीस." डॉक्टरांनी गाडीचा आरसा नीट असताना पुन्हा नीट केला.

मग ती बातमी आली. शर्यतीच्या ट्रॅकवर एका रविवारी हौशी लोकांना स्वतःची गाडी पळवू देणार होते. डॉक्टरांच्या इस्पितळातले तीन मित्र निघाले होते. डॉक्टरांनीही नाव नोंदवलं आणि लहान मुलासारखे दिवस मोजू लागले. शोरूमवाले म्हणाले, रस्त्यासाठी गाडी तयार करून देऊ, ट्रॅकचं काम आम्ही घेत नाही. पत्नी म्हणाली, घरात मिस्त्री असताना बाहेर कशाला विचारत फिरतोस? शेवटी सोमवारी डॉक्टरांनी गाडी भावाच्या गॅरेजकडे वळवली.

गॅरेज लहानसंच होतं. एका वेळी दोन गाड्या मावतील एवढी जागा, भिंतीवर पान्यांची रांग, कोपऱ्यात हात धुवायचं पांढरं बेसिन, जे आता पांढरं नव्हतं. मिस्त्रीनं गाडी जॅकवर चढवली, चारही चाकं काढली आणि कारखान्यातल्या त्या बाईनंतर पहिल्यांदा कुणीतरी मला समोरासमोर पाहिलं.

त्यानं आधी ब्रेक ऑइल बाटलीत काढून उजेडात धरलं. कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं. डॉक्टर म्हणाले, रोजच्या चालवण्यात तर काहीच जाणवत नाही. मिस्त्रीनं शांतपणे समजावलं, की हे तेल हवेतलं पाणी पीत राहतं. रस्त्यावर ते खपून जातं. ट्रॅकवर चार फेऱ्यांत उकळेल, नळीत वाफ होईल, आणि वाफ दाबली तर नुसती दबते. "मग तू पेडल दाबशील, पाय खाली जाईल आणि गाडी पुढे जाईल," तो म्हणाला.

नवं तेल भरल्यावर नळ्यांतली हवा काढायची असते. त्याला दोन माणसं लागतात, आणि मिस्त्री एकटाच. म्हणून डॉक्टरांना आत बसवलं. मिस्त्री माझ्याशेजारी जमिनीवर आडवा झाला, हातात पाना. "दाब," तो म्हणायचा. "धर. धरून ठेव. आता सोड." डॉक्टर दाबायचे, धरायचे, सोडायचे. तासभर हे चाललं. एकदा त्यांनी सांगायच्या आधीच पाय उचलला, तर खालून आवाज आला, "दादा, मी सोड म्हटलं नव्हतं." मोठ्या भावाला धाकट्याचं ऐकायची सवय नव्हती. मला वाटलं, आता चिडणार. पण त्यांनी निमूट पुन्हा दाबलं.

नंतर माझी पाळी. मिस्त्रीनं माझी जाडी आठ ठिकाणी मोजली. ती ठीक होती. पण काही भोकांच्या कडेला केसाएवढ्या रेषा होत्या. त्यानं त्यांच्याभोवती खडूनं गोल केले. अशा रेषा येतातच, तो म्हणाला, भोकापुरत्या राहिल्या तर हरकत नाही, पण लक्ष ठेवायला हवं.

माझे जुने पॅड गेले. ट्रॅकसाठीचे नवे आले, खरखरीत आणि जरा गर्विष्ठ. त्यांची आणि माझी ओळख व्हायला हवी होती. म्हणून गुरुवारी सकाळी दोघं भाऊ मला गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेले. मिस्त्री चालवत होता. वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. मी तापत गेले, निळसर झाले. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी पुरी ताकद कळली. यासाठीच आपण जन्मलो, असं वाटलं.

नवव्या खेपेला अंगात कुठेतरी टिच् झालं.

खरं सांगते, मला ते कळलं होतं. आणि मनात आलं ते एवढंच, की कुणाला दिसू नये. रविवार तीन दिवसांवर होता. मला जायचं होतं.

परतल्यावर मिस्त्रीनं घाई केली नाही. मला थंड होऊ दिलं, चाक काढलं, फडक्यानं पुसलं. मग उजव्या अंगठ्याचं नख माझ्यावरून हळूहळू फिरवायला लागला. एका जागी नख अडलं. त्यानं पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथंच अडलं. एक रेष भोकातून निघून थेट माझ्या काठापर्यंत गेली होती.

"दादा, ही गाडी रविवारी जाणार नाही."

डॉक्टर वाकले, चष्मा वर करून पाहिलं. त्यांना काही दिसेना. मिस्त्रीनं सांगितलं, चीर काठापर्यंत पोचली की डिस्कचा भरवसा संपला. ट्रॅकवर दोन तुकडे होऊ शकतात. नवी जोडी मागवावी लागेल, आठ दिवस लागतील.

डॉक्टरांचा चेहरा पडला, आणि मग लाल झाला. पुढची तारीख महिन्यानंतर होती. मित्र काय म्हणतील? ते म्हणाले की हळू चालवीन, दोनच फेऱ्या मारीन. मिस्त्री नकाराची मान हलवत राहिला. मग डॉक्टर बोलू नये ते बोलले.

"मी रोज माणसांचे डोळे उघडून बसतो. तू मला धोका शिकवणार?"

मिस्त्रीनं हातातलं फडकं घडी करून ठेवलं. त्याचा आवाज चढला नाही.

"तुझ्या ऑपरेशनच्या हत्याराला अशी चीर असती, तर पेशंट टेबलावर आहे, मित्र थांबलेत, म्हणून तू ते आत घातलं असतंस?"

बाहेर एक टेम्पो मागे घेत होते, त्याचा आवाज तेवढा येत होता. डॉक्टरांनी किल्ली मागितली नाही. ते पायीच निघून गेले.

शुक्रवार, शनिवार, दोन्ही दिवस ते आले नाहीत. मिस्त्री दुसऱ्या गाडीचं काम करायचा, पण पान्याचा नंबर चुकायचा. रविवारी सकाळी दारात सावली पडली. डॉक्टर जुना शर्ट घालून आले होते. हातात डबा, पत्नीनं दिलेला. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मित्र पोचले असतील तिथे." मिस्त्री म्हणाला, "हो, एव्हाना सुरू झालं असेल." मग डॉक्टरांनी विचारलं, "ती चीर परत दाखव." मिस्त्रीनं त्यांचा हात धरला, अंगठा माझ्यावर टेकवला आणि नख हळूच सरकवलं. नख अडलं.

नव्या डिस्क आल्या. एक बदलली की समोरचीही बदलावी लागते, त्यामुळे माझी उजवीकडची बहीण काही दोष नसताना भंगारात गेली. त्याचं मला वाईट वाटतं. महिन्यानंतर दोघं भाऊ ट्रॅकवर गेले. मला मिस्त्रीनं गॅरेजमधल्या फळीवर ठेवून दिलं होतं. परतल्यावर बोलले त्यातून कळलं की डॉक्टर एका वळणावर उशिरा ब्रेक मारून चांगलेच घाबरले आणि गाडी वेळेवर थांबली. उरलेल्या फेऱ्या मिस्त्रीनं मारल्या, आणि शेजारी बसलेले डॉक्टर हूं की चूं न करता त्याचे पाय बघत होते. मला हेवा वाटला. मग वाटलं, मी असते तर ही गोष्ट सांगायला दोघं परत आले असते की नाही?

निघताना डॉक्टरांनी मला मागून घेतलं. आता मी त्यांच्या तपासणीच्या खोलीत, टेबलावर असते. काम काही नाही, कागद उडू देत नाही एवढंच.

तुम्ही मला कधी पाहणार नाही, पण माझ्यासारख्या दोन-चार जणी तुमच्या गाडीखाली आहेत. कधीतरी कुणाला तरी त्यांच्यावरून नख फिरवायला सांगा. आणि तो "आज नको" म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नका. एवढंच मागणं.

काल एक आजोबा आले होते, फार चिडलेले. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी त्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं. नातीचा समारंभ जवळ आला होता, आणि तो त्यांना नीट डोळ्यांनी बघायचा होता. डॉक्टरांनी वाद घातला नाही. मला त्यांच्यापुढे सरकवलं आणि अंगठ्याचं नख फिरवून बघा म्हणाले. आजोबांनी फिरवलं.

"मला तर काही कळत नाही," ते म्हणाले.

"मलाही कळलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "माझा धाकटा भाऊ मिस्त्री आहे. त्याला कळलं."