विमानाची खांदमळणी

अमरावतीच्या विमानतळावर पूर्णा एअरचं एक विमान अकरा आठवडे उभं होतं. त्याला स्वतःला काही झालेलं नव्हतं. पण कुठल्याशा दूरच्या देशात याच मॉडेलच्या एका विमानाच्या पंख्याच्या पात्याला मुळाशी तडा सापडला आणि दिल्लीच्या नियामकाने हुकूम काढला: प्रत्येक पातं तपासून होईपर्यंत या मॉडेलचं एकही विमान उडणार नाही. हुकूम आला तेव्हा हे नुकतंच इथे उतरलं होतं. मग इथेच राहिलं.

कंपनीकडे नऊ विमानं, नऊही याच मॉडेलची. सगळी सारखी घेतली की सुटे भाग एक, वैमानिकांचं शिक्षण एक, कसं सोयीचं पडतं, हे कंपनी मोठ्या तोऱ्यात सांगायची. तो तोरा एका दुपारीत उतरला. मग धावपळ. दुसऱ्या कंपनीची दोन जेट विमानं चालकांसकट भाड्याने आणली आणि मोठ्या शहरांच्या मार्गावर लावली. निम्मे वैमानिक घरी बसवले. लहान गावांच्या प्रवाशांना सांगितलं, बस देतो, नागपूरला जाऊन विमानात बसा. अमरावतीकरांनी काय केलं असेल ते सांगायला नको. "विमानाचं तिकीट काढून बशीत बसू काय?" म्हणत पैसे परत घेतले आणि रेल्वेने गेले.

राहिलं ते विमान, आणि त्याला सांभाळायला इंजिनिअर धम्मदीप.

उभ्या विमानाचं काही काम नसतं असं ज्याला वाटतं, त्याने ते एकदा सांभाळून पाहावं. पावसाचं पाणी आत जाऊ द्यायचं नाही, इंजिनात पाखरांना घरटी करू द्यायची नाहीत, बॅटऱ्या उतरू द्यायच्या नाहीत. दर आठवड्याला चाकं थोडी फिरवायची, नाहीतर टायर एकाच जागी बसतात. त्यासाठी विमान ओढायला लागतं, आणि कंपनीने ओढायची गाडी दुसऱ्याच आठवड्यात नागपूरला नेली. तेव्हा धम्मदीपने भातकुलीकडच्या जानरावला गाठलं. जानराव पन्नाशीचा शेतकरी, चार एकर काळी जमीन, एक बैलजोडी, एक ट्रॅक्टर. परवानगी निघाली, पास निघाला, आणि दर सोमवारी जानराव ट्रॅक्टरने विमान हातभर पुढे ओढू लागला. हळूहळू तो सोमवारशिवायही यायला लागला. विमान धुवायचा, आच्छादनं बांधायचा. त्याला विमानाचा लळा लागला होता.

"याले झालं तरी काय, सायेब?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"काई नाई झालं, जानरावभाऊ. तुमचा बैलच समजा. नुसता बांधून ठेवला हाये."

धम्मदीप हे थट्टेत बोलून गेला. जानरावने ते मनावर घेतलं.

धम्मदीपला हे विमान लवकर उडायला हवं होतं, आणि कारण अगदी घरचं होतं. नऊ वर्षं हैदराबाद आणि चेन्नईत काढल्यावर त्याला अमरावती मिळाली होती. घर अकोल्यात, सकाळी रेल्वेने बडनेऱ्याला यायचं, संध्याकाळी परत. बायको भावना हैदराबादची नोकरी सोडून आली होती आणि अकोल्याच्या शाळेत नव्याने रुजू झाली होती. सात वर्षांच्या पोरीची ही तिसरी शाळा. इथे तिला मैत्रिणी मिळाल्या होत्या, आणि आजीआजोबा तर गल्लीच्या टोकाला होते. आता कंपनीने नवं वेळापत्रक ठरवलं होतं: ज्या विमानांची तपासणी आणि कागद आधी पूर्ण होतील, अशी पाच विमानं आधी उडवायची, आणि ती जिथून उडतील तेवढीच पाच गावं चालू ठेवायची. बाकीची ठाणी बंद, माणसं परत मोठ्या शहरात. चार ठरली होती. पाचव्या जागेसाठी अमरावती आणि जळगाव उरले होते, आणि अमरावती एक दिवस पुढे होती. यादी पोळ्याच्या दिवशी दुपारी बारा वाजता नियामकाकडे जायची होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पात्यांची तपासणी संपली. सगळी पाती निर्दोष. संध्याकाळी धम्मदीप शेवटची पाहणी करत होता. विमानाच्या पुढच्या अंगाला, हाताच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात. बाहेरच्या हवेचा दाब त्यातून आत जातो आणि त्यावरून विमानाला आपण किती उंचीवर आहोत ते कळतं. त्याने त्यांची झाकणं काढली, भोकं पाहिली, आणि तेवढ्यात मुंबईहून नीलम मॅडमचा फोन आला. त्या देखभाल विभागाच्या प्रमुख. कागदांबद्दल बोलणं अर्धा तास चाललं. परत आला तेव्हा अंधारून आलं होतं, गाडीची वेळ झाली होती. त्याने झाकणं दाबून बसवली आणि निघाला. भोकं पुन्हा पाहिली नाहीत. अकरा आठवड्यांत हे एवढंच एकदा झालं.

सकाळी आठला त्याने डाव्या बाजूचं झाकण काढलं, तर झाकणाच्या बुडाला पिवळं काहीतरी लागलेलं. बोटाने पाहिलं. लोणी आणि हळद.

जानराव तिथेच होता. नवं धोतर, डोक्याला फेटा, चेहरा फुललेला.

"जानरावभाऊ, हे कोनं लावलं?"

"म्याच," जानराव खुशीत म्हणाला. "काल खांदमळणी होती ना! घरच्या दोघा बैलांचे खांदे लोन्या-हळदीनं मळले अन् पळसाचं पान घिऊन इकडं आलो. म्हटलं, हाही तं जुपाले निंगाला. पंखाखाली हात पुरत नवता, मंग तोंडाजवळ लावलं. म्हटलं, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. काहून, सायेब?"

धम्मदीपच्या घरी पोळा नसतो. पण लहानपणी शेजाऱ्यांच्या बैलांची शिंगं त्याने कितीदा रंगवली होती; त्या लोण्याहळदीत किती माया असते ते त्याला ठाऊक होतं. त्यामुळे रागावताही येईना. त्याने ते भोक दाखवलं आणि ते कशासाठी असतं ते सांगितलं. यात काही अडकलं, तर आभाळात असताना वैमानिकाला उंची चुकीची दिसते.

जानरावच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "पुसून टाकतो ना, सायेब. आत्ता पुसतो."

पुसायला अर्धं मिनिट लागलं असतं. फडकं धम्मदीपच्याच हातात होतं. पण झाकण दाबताना लोणी आत ढकललं गेलं असेल का, हे पुसून कळणार नव्हतं. भोकामागे लांब नळी होती. ती तपासायचं यंत्र नागपूरला. ते यायचं, लावायचं, म्हणजे उद्या. बारा वाजता यादी जाणार होती.

तो विमानाच्या सावलीत उभा राहिला आणि त्याने भावनाला फोन लावला. शाळेला पोळ्याची सुट्टी होती. त्याने सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मले इचारू नका. मी 'पुसा' म्हनीन."

"म्हनूनच केला फोन. कोनी तरी म्हनाव वाटलं."

"मी म्हनलं. आता तुमाले काय कराचं थे करा." तिने फोन ठेवला.

अकोल्याचं घर, पोरीचं दप्तर, संध्याकाळची गाडी, सगळं त्या फडक्यात होतं. त्याने फडकं खिशात घातलं आणि मुंबईला फोन लावला.

नीलम मॅडमनी ऐकून घेतलं. "आत गेलंय अशी खात्री आहे?"

"नाही, मॅडम."

"गेलं नाही अशी?"

"तीही नाही."

"ठीक आहे. लेखी पाठव. मी जळगावला कळवते."

त्याने लिहिलं. भोकं मी उघडी टाकून गेलो, हे आधी लिहिलं. मग जानरावचं नाव लिहिलं. ते गाळलं असतं तर कागद खोटा झाला असता. संध्याकाळपर्यंत जानरावचा पास रद्द झाला. अमरावतीचं नाव यादीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून यंत्र आलं. नळीची तीनदा तपासणी झाली. तिन्ही वेळा नळी स्वच्छ निघाली. लोणी भोकाच्या काठाशीच थांबलं होतं.

जानराव फाटकाबाहेर ट्रॅक्टरवर बसून होता. पास नव्हता, तरी आला होता. धम्मदीप बाहेर आला आणि त्याने निकाल सांगितला.

"म्हंजे काईच नवतं आत?" जानरावचा आवाज फाटला. "मंग सायेब, काल पुसलं असतं तं तुमी इथंच राह्यले असते."

"हौ."

"मंग काहून नाई पुसलं?"

"आत काई नाई हे आज मालूम झालं, भाऊ. काल कोनाले मालूम होतं?"

जानरावने फेट्याच्या सोग्याने डोळे पुसले आणि ट्रॅक्टर चालू केला.

तीन दिवसांनी दोन वैमानिक आले आणि ठाणं बंद करायचं म्हणून रिकामं विमान हैदराबादला घेऊन गेले. धम्मदीपने सही केली, चाकांखालचे ठोकळे काढले आणि ते उडून गेलं तसा तो गाडी पकडायला निघाला. त्याच दुपारी त्याच्या बदलीचा मेल आला. हैदराबाद, पहिल्या तारखेपासून.

घरी भावना भाकऱ्या करत होती. पोर शेजारी खेळायला गेली होती. नळीचं त्याने तिला अजून सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

"निंगालं काई आत?" तिने न बघता विचारलं.

"नाई. साफ होती."

तिचा हात परातीत थांबला. "मले राग आला हाये," ती म्हणाली. "तुमचाच. आज जाचा नाई थो." मग तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. भाकरी उलटली.

"अन् साफ नसती तं?" तिने हळूच विचारलं.

त्याने भाकरीची टोपली तिच्याजवळ सरकवली.

"पोरीचा दाखला काढा लागन," ती म्हणाली. "शाळेत उद्या तुमी जा. तिच्या बाईसमोर माह्यानं उभं नाई राहवनार."