अळणी रस्सा

रविवार होता, ताटात मटणाचा तांबडा रस्सा होता, आणि तरी कोल्हापूरचा माणूस खाली मान घालून जेवत होता. म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे कुणीही ओळखावं!

हंबीरराव शिरोलीच्या एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, सुपरवायझर. शरीर पाटावर, मन भट्टीपाशी. उद्याचा माल, परवाची तपासणी, साहेबांचा चेहरा! झोप येईना म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, आता त्याही पुरेनात.

"रस्सा कसा झालाय?" पत्नी विमलाबाईंनी विचारलं.

"झकास!" हंबीररावांनी वाटी पुढे केली.

हंबीररावांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, मात्र पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं. "इमल, मीठ इसरलीस काय गं?"

"न्हाय आक्का, मुद्दामच घातलं न्हाय." विमलाबाईंचे डोळे भरून आले. "मी काय रांधते, काय बोलते, ह्यांचं ध्यानच नसतं. माणूस घरात असून नसल्यागत!"

हंबीरराव खजील झाले. "काय करू गं? डोकं थांबतच न्हाय."

"आज चटणीचं भाजायचं हाय," आक्का म्हणाल्या. "कढईपुढं तू बस."

"मी? बाप्या माणसानं? गल्ली हसंल की!"

"अळणी रश्शाला झकास म्हणणाऱ्याला आणि काय हसायचं राहिलंय?"

कोल्हापूरची चटणी म्हणजे वर्षभर पुरणारा कांदा-लसूण मसाला, ती काही चेष्टा नव्हे. हंबीरराव बसले, खोबरं परतू लागले, मन भट्टीकडे पळालं आणि खोबरं करपलं!

"बघ! खोबरं हितं, तू शिरोलीत."

"पण आक्का, काळजी नको करायला?"

"काळजीनं भट्टी लवकर तापती व्हय? कामावर असशील तवा काम कर की! डोक्याला गप बस म्हटलं तर ते बसत न्हाय, नाकाला, कानाला काम दे. वास घे. तीळ तडतडत्यात, ते ऐक."

हंबीररावांनी नवं खोबरं टाकलं. हळूहळू त्याचा गोडसर वास सुटला, रंग बदामी झाला. तीळ तडतडले, धणे खमंग झाले. मिरच्या गरम होताच असा ठसका उठला की तिघंही शिंकून शिंकून बेजार झाले, आणि हंबीरराव पोट धरून हसले! कितीतरी दिवसांनी हसले. फाउंड्री आठवली तेव्हा कांदासुद्धा भाजून झाला होता. त्या रात्री गोळीची आठवण होण्याआधीच त्यांचा डोळा लागला.

मग रोजच ते काहीतरी हाती घेऊ लागले. कधी लसूण सोलायचा, कधी झाडांना पाणी घालून ओल्या मातीचा वास घ्यायचा. डंकाच्या गिरणीतून चटणी कुटून आली आणि पुढच्या रविवारी नव्या चटणीचा रस्सा झाला. हंबीररावांनी घोट घेतला, क्षणभर जिभेवर ठेवला.

"मीठ कमी हाय!"

नवऱ्याच्या असल्या बोलण्यावर कुठली बायको खूश झाली असेल? पण विमलाबाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. "अहो, ह्या खेपेला मुद्दाम चिमूटभरच कमी घातलंय!"

मंडळी, सदा काळजीत असणं म्हणजे कर्तबगारी नव्हे. रोज एखादं काम असं करावं की हात, नाक, कान, जीभ सारी तिथंच असतील. मग भटकं मनही आपसूक घरी येतं. नाहीतर आपणही जन्मभर अळणी रस्सा ओरपत राहू, आणि वर झकास म्हणू!