धरलेलं मनगट

आपला राग आता पार संपला, असं सुकन्याला वाटत होतं. सरकारी कचेरीत दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या बाईनं असं म्हणावं म्हणजे धाडसच. पण गेली आठ वर्षं ती रोज सकाळी आयकिडो करत होती. हात धरणाऱ्याशी झटापट करायची नाही, त्याच्याच जोराबरोबर वळायचं आणि त्याला अलगद खाली घ्यायचं. वर्ग संपताना अवधूत सर सगळ्यांना डोळे मिटायला लावत आणि सांगत, “पडणाऱ्याला लागलं, तर तुमची साधना फुकट.” रविवारी तिची काळ्या पट्ट्याची परीक्षा होती.

शनिवारी दुपारी नवी पेठेत खरेदी उरकून ती स्कूटरवर बसली. हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली. मागून कुणीतरी ओरडत होतं. पण बाजारात कोण ओरडत नाही? ती मूठ पिळणार, तोच एका रापलेल्या हातानं तिचं मनगट घट्ट पकडलं.

पुढचं तिनं केलं नाही, तिच्या अंगानं केलं. ती उतरली, वळली, तो हात पिळला गेला आणि एक म्हातारा फुटपाथच्या कडेवर आदळला. “यव्वा!” तो किंचाळला. स्कूटर आडवी झाली. गादीवर पडणाऱ्याला शेवटपर्यंत धरून ठेवायचं असतं. इथं तिनं हात कधी सोडला, तिचं तिलाच कळलं नाही.

टाळ्या पडल्या. “लई भारी, ताई!” मोबाइल निघाले. दोघातिघांनी म्हाताऱ्याला लाथा घालायला सुरुवातही केली. फुकटची मर्दुमकी कुणाला नको असते? खोटं कशाला बोला, क्षणभर तिलाही बरं वाटलं. मग ती एक पाऊल पुढं सरकली आणि गळ्याला हिसका बसला.

ओढणी. तिचं टोक मागच्या चाकात अडकलं होतं.

सोलापुरात कुणाची ओढणी चाकाशी लोंबली, की ओळख ना पाळख, माणसं ओरडतात, धावतात, गाडीला आडवी होतात. तिनं स्वतः किती बायकांना असं थांबवलं होतं! ओढणी टाकून ती म्हाताऱ्याच्या अंगावर आडवी पडली. “मारू नका! चूक माझी आहे!” एक लाथ तिच्या पाठीत बसलीच. म्हाताऱ्याच्या हाताला लसूण-तिखटाचा वास होता.

“वढणी... चाकात हाय की, ताई,” तो म्हणाला. अजूनही तेच सांगत होता.

म्हाताऱ्याचं नाव संगप्पा. अक्कलकोटकडचा. तीस वर्षं उखळात शेंगाचटणी कुटत होता. दवाखान्यात उजव्या मनगटाला प्लास्टर घातलं, तोवर त्याची बायको काशम्मा आली. “ह्याच हातानं कुटत्यात की ओ,” एवढंच बोलली. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुकन्याला झालं.

तेवढ्यात मोबाइलवर सरांचा निरोप आला. उद्या शांत मनानं या. तिनं मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला.

संगप्पाला बाकावरून उठायचं होतं. सुकन्यानं आधारासाठी हात पुढं केला. त्यानं आपला डावा हात तिच्या मनगटापर्यंत आणला आणि मध्येच थांबवला. मग घाबरत घाबरत तिच्या तोंडाकडं पाहिलं.

“धरू का, ताई?”